म्हातारीचा घाट आणि दोन बुटक्या गाड्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो स्पीडब्रेकर आहे तो माझ्या भांडणातून झालेला आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे जे झालं त्यात चूक कुणाची, हे शोधण्यात वेळ जायला नको.

काही वर्षांपूर्वी गल्लीतून मोटारसायकली अशा पळायच्या की दारात बसून तांदूळ निवडायची सोय उरली नव्हती. मी नगरसेवकाच्या दारात जाऊन ठाण मांडलं. त्यानं दोन दिवसांत माणसं पाठवून नियमाप्रमाणे चार बोटं उंचीचा स्पीडब्रेकर करून दिला. मला तो पटला नाही. चार बोटांनी काय होतंय? त्याच आठवड्यात शेजारच्या घराचा स्लॅब पडत होता. उरलेलं काँक्रीट मी तालमीतल्या पोरांना वडापाव चारून त्याच्यावर आणखी चार बोटं ओतून घेतलं आणि स्वतः उभी राहून थापीनं गोल करून घेतलं. तेव्हापासून गल्ली त्याला म्हातारीचा घाट म्हणते. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं.

मी चौथी शिकले. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा मालकांचं गाड्यांची सीट शिवायचं दुकान होतं. ते फोम कापायचे, मी मशीन मारायची. चाळीस वर्षं मी लोकांच्या बुडाखालचं शिवलं. सगळ्यात जास्त काम रिक्षांचं. आमच्या गावातला रिक्षावाला पोटाला चिमटा काढील, पण रिक्षाला मखमल लावील. आत आरसे, झालर, बटणं मारून फुगवलेली गादी, पायाखाली गालिचा. आणि एवढं केलेली रिक्षा तो कधी जोरात पळवत नाही. पळवली तर बघणार कोण?

मालकांनी उतारवयात एक जुनी मोटार घेतली होती. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीला असायची त्या जातीची, चौकोनी तोंडाची. ते गेल्यावर ती पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. तिच्यात मी कांदे ठेवायची. हवा चांगली लागायची, एकही कांदा सडला नाही.

एके दिवशी नातीनं मोबाइलवर मला एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतली कुठली तरी वस्ती होती. जुन्या, लांबलचक गाड्या, पोट रस्त्याला टेकेल इतक्या खाली बसवलेल्या, म्हशीच्या चालीनं चालल्या होत्या. आत तांबडी मखमल, बटणं मारलेली. बॉनेटवर त्यांच्या कुठल्या देवीचं चित्र. चालवणारे माझ्या वयाचे म्हातारे, एक कोपर खिडकीबाहेर काढून. त्यातली एक गाडी तर उभ्या जागी पुढून उड्या मारत होती.

"ह्याला लोरायडर म्हणतात आज्जी. नवी गाडी परवडायची न्हाय म्हणून कामगार लोकांनी जुन्याच सजवल्या."

"ही तर आपली रिक्षा हाय की," मी म्हणाले.

"आजोबांची गाडी अशी केली तर? मी लग्नात तीतनंच सासरी जाणार."

ती सहज बोलली असणार. पोरी लग्नाआधी पुष्कळ बोलतात. पण मी ते वाक्य धरून बसले. नातीच्या मायेपोटी, असं सून सगळ्यांना सांगते आणि मी ते खोडत नाही. खरं कारण असं की, चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या नटवल्या आणि स्वतः त्यातल्या एकीतही बसून मिरवले नव्हते. माझं स्वतःचं लग्न उसाच्या ट्रकमधून आलं होतं. माझी पाठराखीण म्हणून जी आत्या बरोबर दिली होती, ती वाटभर ओकत होती.

पाठराखीण म्हणजे नवरीबरोबर सासरी पहिल्यांदा पाठवायची घरची बाई. नातीची पाठराखीण मी होणार, तिच्या शेजारी माझ्या हातच्या मखमलीवर बसणार, आणि पेठ वडगावच्या बाजारपेठेतून हळूहळू जाणार, असं मी ठरवून टाकलं. पेठ वडगावचं स्थळ तेव्हा नुकतंच पक्कं झालं होतं.

उद्यमनगरात मालकांचा एक जुना दोस्त आहे, मिस्त्री. त्याच्याकडे गाडी ओढून नेली. आधी कांदे काढले.

"नाचवून दे," मी म्हणाले.

मिस्त्रीनं व्हिडिओ बघितला, चष्मा काढला, पुसला, परत बघितला. "वैनी, नाचवायची म्हंजे डिकी भरून बॅटऱ्या लागत्यात, पंप लागत्यात. तेवढ्यात दुसरी गाडी येती. मी खाली बसवून देतो. नाचायचं तेवढं तुमी नाचा."

त्यानं पुढच्या स्प्रिंगा कापल्या, मागचे पाटे काढले आणि गाडी जमिनीला टेकवली. रंग वांग्यासारखा जांभळा दिला, आत चांदीचा चुरा. बॉनेटवर काय काढायचं यात आठवडा गेला. पेंटर म्हणाला, मालकांचं चित्र काढूया. मी म्हणाले, त्यांचं तोंड मी चाळीस वर्षं बघितलं, आता बॉनेटवर कशाला? शेवटी म्हैस काढली. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात तशी, रंगवलेल्या शिंगांची, गळ्यात घुंगरांची, कपाळाला मोरपीस लावलेली. नवऱ्याच्या जागी म्हैस काढली म्हणून गल्ली चार दिवस हसत होती. चित्र मात्र फक्कड उतरलं होतं.

गादी मी स्वतः केली. गुडघे गेलेत, हात अजून शाबूत आहेत. एकेक बटण दाभणानं आरपार ओवून ओढलं. दोन महिने लागले. गाडी तयार झाली तेव्हा माझ्या चार पाटल्यांच्या दोन झाल्या होत्या, आणि आणखी एक गोष्ट मला कळली होती. गाडी खाली घेतली की तिच्यात बसायचं म्हणजे पडायचं आणि उतरायचं म्हणजे विहिरीतून वर यायचं. वर आणि स्प्रिंगा कापलेल्या, त्यामुळे रस्त्यातला खडा न खडा मणक्यात मोजता येई. पाटल्यांचं सुनेनं बोलून दाखवलं. कमरेचं मी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी मी आणि मिस्त्री रंकाळ्याला जायचो. मी मागे एकटी, कोपर बाहेर. पोरं ओरडायची, "आज्जी, एक नंबर!" भेळवाले कांदा चिरायचे थांबायचे. एवढ्या वर्षांत माझ्याकडे इतकं कुणी बघितलं नव्हतं. मी गंभीर तोंड करून बसायची, रोजचंच असल्यासारखी.

जाता-येता मात्र घाट यायचा, माझाच. आम्ही दोघंच असलो की मिस्त्री गाडी तिरकी घालून, देवाचं नाव घेत काढायचा. तिसरं कुणी असलं की त्याला उतरून चालावं लागायचं.

"आत्या, त्यो स्पीडब्रेकर जरा फोडून घ्यायचा का लग्नाआधी?" सून म्हणाली.

"मी जित्ती असेपत्तर न्हाय."

फोडायचा म्हणजे गल्लीसमोर चुकले म्हणायचं. मी सत्तरी ओलांडेपर्यंत ते एकदाही म्हटलेलं नव्हतं. सवय मोडायला ती वेळ मला बरोबर वाटली नाही.

मग लग्नाच्या याद्या करायला वडगावचे पाहुणे आले. मानपान, जेवण, हॉल सगळं झालं आणि नवऱ्या मुलाचा मामा घसा खाकरून म्हणाला, "नवरीला न्यायला गाडी माझ्याकडनं. पुण्याहून मागवतोय, परदेशी." मोबाइलवर चित्र दाखवलं. पिवळीजर्द, चपटी, कुणीतरी वरून पाय दिल्यासारखी. दारं वर उघडणारी.

"आज्जी, तीनशेनं पळते."

"वडगावला तीनशेनं जाऊन करायचं काय? सैपाक तरी झालेला असंल का?"

माझ्या मुलानं मला डोळे दाखवले. मी चित्र जवळ घेऊन बघितलं. "ह्यात माणसं किती बसत्यात?"

"ड्रायव्हर सोडून दोन."

"आणि पाठराखीण? टपावर?"

पाहुण्यांतल्या दोन म्हाताऱ्या माझ्या बाजूनं माना हलवायला लागल्या. मला वाटलं, जिंकले. पण मामा काही कच्चा नव्हता. "पाठराखीण मागच्या गाडीतनं यील की. मागं आली काय, पुढं आली काय, आली म्हंजे झालं."

तसंच ठरलं. नवरा-नवरी पिवळ्या गाडीत, मी माझ्या म्हशीत मागून. नात खाली बघत बसली होती. पाहुणे गेल्यावर मी तिला धरलं.

"तू काय बोलली न्हाईस? आजोबांच्या गाडीतनं जाणार म्हणालीवतीस."

"मी काय बोलू आज्जी? लग्नाआधीच मामेसासऱ्याशी भांडू? मला कुठल्या गाडीतनं जायचंय ते तुला म्हाईत हाय."

ते मला माहीत होतं म्हणूनच राग येत होता.

लग्न झालं. पाठवणी चार वाजता आमच्या दारातून होती. पिवळी गाडी पुण्याच्या ड्रायव्हरसकट दुपारीच गल्लीत आली होती. रिकामी असल्यामुळे घाटावरून तिरकी होऊन कशीबशी आत आली. तिच्याभोवती अख्खी गल्ली जमली. ड्रायव्हर फडकं घेऊन लोकांच्या बोटांचे ठसे पुसत फिरत होता. माझी गाडी मागे लावलेली. तिच्या बॉनेटवर दोन पोरं बसून पेप्सीकोला चोखत होती, तिला कुणी काही म्हणत नव्हतं.

रडारड झाली. मी रडले नाही, मला पुढचं दिसत होतं. नात नवऱ्याबरोबर पिवळ्या गाडीत घातली गेली. घातली म्हणते, कारण शालू, हार आणि मुंडावळ्या घेऊन त्या गाडीत बसणं तिच्या एकटीचं काम नव्हतं. दारं वरून खाली आली. गाडी घाटापाशी गेली, तिरकी झाली, आणि पोटाखालून असा आवाज आला की ड्रायव्हर पांढरा पडला. दोघांच्या वजनानं ती दोन बोटं खाली बसली होती.

तालमीतली पोरं धावली. "धरा रं! ह्या बाजूनं! उचला!"

"हात लावू नका!" ड्रायव्हर बाहेर येऊन ओरडला. "प्लीज, कुणीही हात लावू नका! एक ओरखडा आला तर माझी नोकरी जाईल!"

पोरं हात वर करून मागे सरली. एवढी ताकदीची गाडी, आणि तिला धक्का मारायचीही सोय नाही. ड्रायव्हर नवरा-नवरीला म्हणाला, "तुम्हाला उतरावं लागेल. रिकामी निघेल."

नात उतरली. इकडे-तिकडे न बघता सरळ माझ्या गाडीकडे चालत आली, दार उघडलं आणि मखमलीवर धपकन बसली. "मिस्त्रीकाका, चला." मागोमाग नवरदेव आला, त्याच्यामागून पाठवणीची करवली. मी आधीच आत होते. मामाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, ते मी सावकाश बघून घेतलं.

आमची गाडी निघाली. पिवळी बाजूला घेऊन वाट दिली होती. मिस्त्रीनं तिरकी घातली, देवाचं नाव घेतलं. तिसऱ्यानं उतरायचं असतं, हे त्या तोऱ्यात कुणालाच आठवलं नाही. आम्ही घाटाच्या बरोबर माथ्यावर गेलो आणि तिथं टेकलो. चारही चाकं नुसती हवेशी बोलत होती. पालथ्या घातलेल्या परातीसारखी गाडी डुलली.

गल्ली जी हसली, ती मी मेल्यावरही हसेल.

"उतरा कोणतरी!" मिस्त्री ओरडला. करवली उतरली. काही नाही. नवरदेव उतरला. काही नाही. नातीनं हात जोडले, "मी आता दुसऱ्यांदा उतरणार न्हाय," आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"आज्जी."

"काय?"

"तूच उतर की."

मला ओढायला तिघं लागले. मी बाहेर पडले आणि गाडी आपोआप चार बोटं वर आली. हे मिस्त्री सांगतो, मी पाठमोरी होते. तालमीतल्या आठ जणांनी चारी बाजूंनी हात घातले. त्यांना कुणी ओरडलं नाही, उलट मिस्त्रीच म्हणाला, "म्हशीच्या शिंगाला धरा, पत्रा घट्ट हाय!" एका दमात त्यांनी गाडी नवरीसकट पलीकडे नेऊन ठेवली. नवरदेव आणि करवली पळत जाऊन आत बसले. मीही निघाले होते. माझं पळणं म्हणजे काय, ते समजून घ्या.

"वैनी, थांबवली तर बंद पडंल!" मिस्त्रीनं मान बाहेर काढली. "आणि पुढं असलं अजून सात हाईत! मागनं या!"

म्हैस गेली. मी माझ्या घाटावर उभी राहिले, नऊवारी सावरत.

पिवळी गाडी रिकामी पलीकडे निघाली आणि माझ्याजवळ येऊन थांबली. मामा शेजारीच उभा होता. त्यानं स्वतः माझ्यासाठी दार वर केलं.

"बसा आज्जी. पाठराखीण मागच्या गाडीत, आसं ठरलंच हुतं की."

मी बसले, म्हणजे पडले.

आता खरं लिहिते. गाडी चांगली होती. आधी मी सीटची शिवण बघितली, अंगठा फिरवून. दोरा एकसारखा, कुठे ओढ नाही, कडेला सुरकुती नाही. माझ्या हातून तशी शिवण कधी झाली नाही. फक्त गादी एकाच मापाच्या माणसासाठी केलेली होती आणि ते माप माझं नव्हतं. मला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं तिनं. काचा काळ्या, आत थंडगार, इंजिनाचा आवाज पाठीमागून पिठाच्या गिरणीसारखा.

हायवेला लागलो. पुढे माझी म्हैस तीसनं चाललेली, मागे आम्ही तीसनं. शाळेच्या गाड्या आम्हाला मागे टाकत होत्या. बघणारे दोन्हीकडे बघायचे. माझ्या गाडीकडे बघून माणसं हसायची, हात करायची, एका ट्रकवाल्यानं हॉर्नवर गाणं वाजवलं. या गाडीकडे बघताना हसायचं कुणी नाही. नुसते मोबाइल काढायचे. आत कोण आहे हे त्यांना दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तर मोबाइल खाली ठेवला असता.

अर्धा रस्ता झाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लेका, जरा पळवून दाव की."

"काकू, नवरीची गाडी पुढं आहे."

"असू दे. जरा इथनं तिथपत्तर."

त्यानं पाय दाबला. माझं डोकं मागे गेलं, पोट तिथंच राहिलं. जांभळं काहीतरी बाजूनं गेलं. मी ओरडले. भीतीनं ओरडले असं मी घरी सांगितलं आहे. परत हळू कर म्हणायला मला जरा उशीर झाला, आणि तोवर वडगाव आलं.

तिथं दारात बायका ताट घेऊन तयारच होत्या. पिवळी गाडी येणार हे गावभर झालेलं. बँड सुरू झाला. नवरीवरून भाकरतुकडा उतरून टाकायची आमच्याकडे पद्धत आहे, वाटेतली नजर जावी म्हणून. नवऱ्या मुलाची चुलती लगबगीनं आली. दार वर गेलं, उन्हात तिला आतलं नीट दिसलं नसणार. तिनं भाकरतुकडा माझ्यावरून तीनदा उतरला, पाणी ओतलं, आणि मग वाकून बघितलं.

"अगं बया! ही कोण?"

"पाठराखीण," मी म्हणाले.

"आणि नवरी?"

"येतीय मागनं."

बँड आपोआप थांबला. मला उतरायचं होतं, पण गादी सोडत नव्हती. ड्रायव्हरनं एक हात धरला, चुलतीनं दुसरा, आणि मी तिथंच अर्धी आत, अर्धी बाहेर. गाव बघत होतं. मिरवायचं होतं ते असं पुरेपूर झालं.

चांगल्या अर्ध्या तासानं म्हैस आली. बाजारपेठेतून, ठरवलं होतं तशीच, हळूहळू. पोरं बाजूनं पळत होती, दुकानदार पायरीवर आले होते. मागच्या खिडकीतून नातीचं कोपर बाहेर होतं, हिरव्या चुड्यासकट. ती हसत होती. माझी मखमल उन्हात लाल दिसत होती आणि मी ती पहिल्यांदा बाहेरून बघत होते. आत बसून ती इतकी कधी दिसली नसती, हे मला मान्य करावं लागलं.

नात उतरून आधी माझ्याकडे आली. तोवर मी अजून दारातच अडकलेले. "आज्जी, पाठराखीण नवरीच्या आधी पोचती व्हय?"

"बडबड करू नको. वड मला."

तिनं आणि जावयानं मिळून मला बाहेर काढलं. भाकरतुकडा त्यांच्यावरून परत उतरला. मामा पुढे येऊन माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून गेला. म्हशीच्या चित्रापाशी थांबला. बॉनेटवर हात फिरवला. स्वतःच्या भाड्याच्या गाडीवर त्याला असा हात फिरवता आला नव्हता.

पाचव्या दिवशी नात माहेरी यायची होती; गाडी मी तिच्याकडेच वडगावला ठेवून आले होते. तिचा फोन आला, "आम्ही आजोबांच्या गाडीतनंच येतो. हे शिकल्यात चालवायला. आम्ही दोघं, आणि सासूबाई आणि चुलत सासूबाई."

मी मनात माणसं मोजली. फोन ठेवला आणि तालमीतल्या पोरांना बोलावणं पाठवलं, पहार आणि घण घेऊन या म्हणून. पोरं आली. वडापाव आधी मागितले.

"किती फोडायचा आज्जी?"

"वरची चार बोटं."

"तुमीच घातलेला की त्यो."

"नियमात बसत न्हाय," मी म्हणाले. "फोडा."